हवेतील शलाका आणि दौलताबादी कागद

जुन्या आणि नाजूक वस्तूचे द्रव्य ओळखण्यासाठी तिच्यावर वेगवान आयनांची शलाका सोडावी की न सोडावी, हा प्रश्न पॅरिस आणि फ्लॉरेन्स येथे गेल्या शतकातच उपस्थित झाला आणि बऱ्याच अंशी निकालातही निघाला. परंतु ज्या छत्रपती संभाजीनगराच्या एका अंगाला वेरूळ आणि दुसऱ्या अंगाला पैठण आहे, ज्याच्या वेशीबाहेर थोड्या अंतरावर दौलताबाद आणि कागजीपुरा लागतात, आणि अजिंठा व अंबाजोगाई ज्याच्यापासून काही तासांच्या वाटेवर आहेत, त्या आमच्या शहरात तो अद्याप पूर्वपक्षाच्या पायरीवरच उभा आहे, ही गोष्ट मला मनापासून खटकते. वस्तू येथे आहेत, त्या तपासण्याची साधने याच महाराष्ट्रात आहेत, आणि तरीही वस्तू सांभाळणारे व साधने चालविणारे यांची गाठ क्वचितच पडते. अशी एक गाठ माझ्यासमक्ष पडली, तेव्हा त्या संभाषणाचा वृत्तांत तपशिलाने लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटले.

वादाचे दोन्ही पक्षकार एकाच घरचे होते. एक आमचे वयोवृद्ध स्नेही, ज्यांना लहानथोर सगळे नाना म्हणतात. त्यांचे आयुष्य पोथ्या, मोडी कागद आणि दफ्तराचे रुमाल यांच्या राखणीत गेले. दुसऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीच्या कन्या. त्या पदार्थविज्ञान शिकवितात, आणि विद्यार्थ्यांप्रमाणे मीही त्यांना बाई असेच म्हणतो. नानांच्या संग्रहातील काही सुटी पाने ट्रॉम्बे येथील, आयनांना वेग देणाऱ्या त्वरकापर्यंत नेण्याची इजाजत त्यांना हवी होती, आणि मामा-भाचीचे नाते असल्यामुळे मागण्यात भीड नव्हती आणि नाकारण्यातही नव्हती.

“बाळ,” नाना म्हणाले, “तुझ्या विद्येवर माझा अविश्वास नाही, पण मोठ्या विद्येच्या हातून होणारी हानीही मोठी असते, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे. निजाम सरकारने १९२० साली अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे नामांकित जाणकार मुद्दाम बोलाविले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसविला, ही त्यांची सेवा मी विसरत नाही. पण त्याच वेळी चित्रांवर लाखेचे रोगण चढले. पुढे ते पिवळे पडले, मग काळवंडले, त्यावर धूळ आणि काजळी धरली, आणि नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांची वर्षानुवर्षे ते रोगण उतरविण्यात गेली. त्या दोघांचा हेतू वाईट नव्हता, त्यांचे ज्ञानही त्या काळात कमी लेखण्यासारखे नव्हते. माझे म्हणणे एवढेच की, चित्र किंवा पान एकदा गेले की ते फिरून मिळत नाही, आणि तज्ज्ञाला मात्र दुसरे चित्र मिळते.”

“नानामामा, हा दाखला मी माझ्या बाजूचा समजते,” बाई म्हणाल्या. “रोगण चढले ते चित्र कशाचे केलेले आहे हे नीट तपासण्याच्या आधी. एस. परमशिवन यांनी अजिंठ्याच्या गिलाव्याचे आणि रंगांचे रासायनिक परीक्षण केले ते १९३०च्या दशकात. ओल्या चुन्यावर रंग भरण्याची युरोपीय पद्धत येथे नाही, कोरड्या पृष्ठभागावर सरसासारख्या बंधकाने रंग बसविलेले आहेत, हे त्यांनी दाखविले. हे ज्ञान दहा-पंधरा वर्षे आधी हाती असते, तर रोगणाचा हात कदाचित थांबला असता. उपचार आधी आणि परीक्षा मागाहून, हा क्रमच मुळात उलटा होता. मी परीक्षेची परवानगी मागते आहे, उपचाराची नव्हे.”

येथे मी मध्येच बाईंना विनंती केली की, ही परीक्षा नेमकी कशी होते ते त्यांनी नानांसाठी आणि त्यानिमित्ताने माझ्यासाठीही मुळापासून सांगावे. त्यांनी सांगितले ते असे: हायड्रोजनचा नुसता अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, काही दशलक्ष व्होल्टच्या विभवांतराने वेगवान करून एखाद्या पदार्थावर सोडला, की वाटेतल्या अणूच्या अगदी आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन त्याच्या योगाने बाहेर फेकला जातो, त्या रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उतरतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. या किरणाची ऊर्जा मूलद्रव्यागणिक ठरलेली आहे: लोहाची ६.४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तांब्याची ८.०५ हजार, चांदीची २२ हजारांच्या वर. शोधक यंत्राने ती मोजली की समोर कोणते मूलद्रव्य आहे हे कळते, आणि किरणांच्या संख्येवरून ते किती आहे हेही कळते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात १९७० साली ही पद्धत प्रथम मांडली गेली.

“परंतु,” बाई पुढे म्हणाल्या, “त्वरकाच्या नळीत निर्वात लागतो, आणि प्रारंभी तपासायची वस्तूही त्या निर्वातातच ठेवीत. धातूच्या नाण्याला त्याचे काही वाटत नाही. कागदाला, रेशमाला, ताडपत्राला, हस्तिदंताला वाटते. निर्वातात त्यांच्यातली ओल निघून जाते, ते आखडतात, वाकतात, तडकतात. शिवाय कागद विद्युतरोधक असल्यामुळे प्रोटॉनांचा भार त्याच्यावर साठत राहतो, आणि उष्णता वाहून नेण्यास भोवती हवाच नसल्याने ती जागच्या जागी कोंडते. म्हणून नळीच्या टोकाला अतिशय पातळ खिडकी बसवून शलाका हवेत बाहेर काढण्याची युक्ती निघाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तळघरात ‘अग्लाए’ नावाचा त्वरक १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून केवळ कलावस्तूंसाठी ठेवलेला आहे. तेथे १०० नॅनोमीटर जाडीची सिलिकॉन नायट्राइडची खिडकी वापरतात. तेवढी पातळ चकती एका बाजूने सगळ्या वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूने निर्वात सहन करते, आणि ३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन तिच्यातून जवळजवळ काही न गमावता पार होतो. बाहेर हवेत तो सुमारे १४ सेंटीमीटर जाऊन थांबतो. वस्तू खिडकीसमोर थोड्या अंतरावर ठेवावी, मधल्या जागेत हेलियमचा मंद झोत सोडावा, म्हणजे शलाका विस्कटत नाही आणि हलक्या मूलद्रव्यांचे दुबळे क्ष-किरण हवेत विरून जात नाहीत. नमुना कापावा लागत नाही, पान कोठे कोंडावे लागत नाही. हवेत शंभरात एक भागाच्या आसपास अर्गॉन असतो, त्याचाही क्ष-किरण मोजणीत उमटतो. आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्याच आधाराने किती प्रोटॉन गेले याचा हिशेब ठेवतात.”

नानांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले, आणि उत्तर न देता एक रुमाल सोडून त्यातले एक पान आमच्यासमोर ठेवले. दौलताबादी कागद ज्याने हातात घेतला नाही, त्याला त्याची कल्पना केवळ शब्दांनी येणार नाही. खळ देऊन आणि दगडाने घोटून आणलेली त्याची कांती कोनात धरली असता अजून दिसत होती. उजेडासमोर धरल्यावर आतल्या चिंध्यांचे तंतू आणि साच्याच्या बारीक रेषा दिसत होत्या. ओव्या काळ्या शाईने लिहिलेल्या, दंड तांबडे, समासाच्या दोन्ही रेघा तांबड्या. आणि एका ओळीत लेखकाच्या हातून चुकलेल्या तीन अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर शुद्ध पाठ लिहिलेला. पान वरच्या कोपऱ्यात वाळवीने खाल्लेले होते, पण त्या पिवळ्या लेपाभोवती तिने तोंड लावलेले नव्हते.

“हे तांबडे कशाचे, ते मी तुला शलाकेवाचून सांगतो,” नाना म्हणाले, “हिंगूळ.”

“दंड हिंगुळाचे असतील,” बाई म्हणाल्या, “पण समासाची रेघ मला किंचित नारिंगी वाटते. हिंगूळ असेल तर पारा दिसेल, शेंदूर असेल तर शिसे, आणि गेरू असेल तर लोह. डोळ्याला तिन्ही तांबडी. शलाकेला तीन निराळी मूलद्रव्ये. पोथी लिहिणारा एक आणि समास आखणारा दुसरा, किंवा समास मागाहून केव्हा तरी आखलेला, असे काही असेल तर ते येथे उघड होईल. आणि यात एक पेच आहे, तोही मी लपवीत नाही: हरताळातील आर्सेनिकाचा मुख्य किरण आणि शेंदरातील शिशाचा मुख्य किरण जवळजवळ एकाच ऊर्जेचे आहेत, १०.५४ आणि १०.५५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ज्याला ठाऊक नाही, तो हरताळाचे शिसे करून मोकळा होईल. दोघांचे दुसरे किरण निरनिराळ्या जागी येतात, त्यांवरून निवाडा करावा लागतो. पान समोर ठेवून ‘हा लेप दुरुस्तीचा आहे’ असे सांगणारे तुम्ही शेजारी असाल, तर माझ्या हातून ती चूक होणार नाही.”

नाना या वाक्यावर थोडे निवळले, असे मला वाटले. पण त्यांचा खरा प्रश्न पुढेच होता, आणि तो त्यांनी दफ्तरदाराच्या करड्या स्वरात विचारला. “शलाका पानावर पडते तेव्हा पानाला काय होते? मला उपमा नको, जमाखर्च हवा.”

मला या संभाषणात सर्वांत मोलाचे वाटले ते बाईंचे यावरचे उत्तर. कारण असा प्रश्न आला की वैज्ञानिक बहुधा ‘ही पद्धत निरुपद्रवी आहे’ एवढे म्हणून पुढे जातो, आणि सांभाळ करणारा त्या एका विशेषणावर विसंबून सही करतो. बाईंनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. समजा शलाकेचा प्रवाह १ नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा एक अब्जांश भाग आहे. तिचा डाग १ चौरस मिलिमीटर आहे. आणि ती १ मिनिट पानावर राहिली. तेवढ्या वेळात सुमारे ३७० अब्ज प्रोटॉन त्या डागावर पडतात. त्यांची एकूण ऊर्जा ०.१८ ज्यूल, म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने नगण्य, पान तापणारसुद्धा नाही. पान दशांश मिलिमीटर जाडीचे असेल तर प्रोटॉन त्यात सुमारे एक तृतीयांश ऊर्जा टाकून पलीकडे निघून जातात. पण ही ऊर्जा पडते ती मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी वजनाच्या कागदावर. आणि प्रारणाची मात्रा मोजण्याच्या मापात ती सहा-सात लाख ग्रे भरते. बुरशी लागलेले ग्रंथ गॅमा-किरणांनी निर्जंतुक करतात, तेव्हा काही हजार ग्रे देतात. आणि तेवढ्यानेही कागदातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या थोड्याबहुत तुटतात, हे ज्ञात आहे.

“म्हणजे त्या ठिकाणी शंभरपट अधिक!” नाना म्हणाले.

“होय, या हिशेबाने शंभरपट. डाग लगेच दिसणार नाही, कदाचित वर्षभर दिसणार नाही. मागाहून तेथे पिवळेपणा येऊ शकतो, आणि शिशाचा पांढरा रंग असेल तर तो शलाकेखालीच काळवंडू शकतो. हे मी नाकारले तर तुम्ही मला पान देऊ नये. पण वरचा हिशेब बेफिकीर माणसाचा आहे. प्रवाह शंभरपट कमी करता येतो; शोधक यंत्रे मोठी आणि अधिक जवळ लावली की तेवढ्या अल्प प्रवाहातही मोजणी पुरेशी होते; आणि शलाका एका बिंदूवर रोखून न धरता रेषेवरून फिरवीत नेता येते. मग मात्रा निर्जंतुकीकरणाच्या घरात उतरते, आणि तीही सबंध पानाला न लागता त्याच्या एका मिलिमीटरभर जागेपुरती. हवेत वस्तू ठेवल्यामुळे ती सुरक्षित झाली, असे मी म्हणणार नाही. हवेने ओल राखली, भार निचरला, उष्णता नेली. मात्रा कमी केली ती हवेने नव्हे, ती आपण करावी लागते.”

लूव्रसारख्या प्रयोगशाळांतील संशोधकांनीही गेल्या काही वर्षांत प्रारणजन्य हानीचा विषय स्वतःहून उघडपणे चर्चेला घेतला आहे. आणि ज्या शास्त्राने आपल्या हातून होणाऱ्या इजेचे मोजमाप आपणच मांडले, त्या शास्त्राला दाराशी उभे करून ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

नानांचा दुसरा आक्षेप निराळ्या जातीचा होता, आणि तो मला अधिक खोल वाटला. ते म्हणाले, “माझ्या बहुतेक पोथ्यांची शाई काजळाची आहे. दिव्याचे काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी यांचे दिवसचे दिवस केलेले घोटण. काजळ म्हणजे कार्बन, आणि कागदातही पुष्कळसा कार्बनच. तुझ्या शलाकेला माझ्या अक्षरांत काय दिसणार?”

“अक्षर म्हणून जवळजवळ काहीच नाही,” बाईंनी मान्य केले. “कार्बनचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की या पद्धतीत ते हाती येत नाहीत. युरोपातल्या शाईची गोष्ट वेगळी होती. ती मायफळ आणि हिराकस यांची, म्हणजे लोहाची, आणि हिराकशीबरोबर तांबे, जस्त, शिसे यांचे अंश तिच्यात येत. म्हणून फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओच्या गतिविषयक टिपणांवर हे काम झाले. त्या सुट्या पानांवर तारखा नव्हत्या. पण त्याची पत्रे आणि जमाखर्चाच्या नोंदी तारखेच्या होत्या. प्रत्येक वेळच्या शाईत लोहाशी जस्ताचे आणि शिशाचे प्रमाण निराळे पडते. ते जुळवून बिनतारखेच्या टिपणांचा काळ अजमावता आला.”

“मग काळ ठरविला कोणी?” नानांनी विचारले. “शलाकेने की जमाखर्चाच्या वहीने?”

बाई क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, “वहीने. शलाकेने वही आणि टिपण यांची ओळख पटविली.”

“हेच मला ऐकायचे होते,” नाना म्हणाले. “आणि जेथे वही नव्हती, तेथे काय झाले तेही सांग. व्हिनलंडच्या नकाशाची हकीकत मी वाचलेली आहे.” ही हकीकत थोडक्यात अशी: अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे असलेला हा नकाशा पंधराव्या शतकातला की विसाव्या, यावर वाद होता. १९७४ साली वॉल्टर मॅक्रोन यांनी त्याच्या शाईत टायटॅनियमचे आधुनिक रंगद्रव्य सापडल्याचे सांगितले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गटाने, ज्याने गुटेनबर्गच्या बायबलाची शाई तपासून तिच्यात तांबे आणि शिसे यांचे मोठे प्रमाण दाखविले होते, हाच नकाशा प्रोटॉनांच्या शलाकेखाली घातला. त्यांना टायटॅनियम केवळ अंशमात्र आढळले, आणि नकाशाच्या कैवाऱ्यांना नवे बळ आले. शेवटी २०२१ साली येलनेच क्ष-किरणांच्या नव्या परीक्षणावरून नकाशा बनावट असल्याचे जाहीर केले.

“शलाका त्यात खोटे बोलली नाही,” बाई म्हणाल्या. “मिलिमीटरभर रुंदीचा डाग शाईची केसासारखी रेघ आणि भोवतालचे चर्मपत्र यांची सरासरी देतो. उत्तर बरोबर असते, पण ते आपण विचारलेल्या प्रश्नाचे नसते.”

“आणि कैवाऱ्यांनी ते आपल्या प्रश्नाचे मानून घेतले. म्हणून बाळ, माझी पहिली अट लिहून घे. प्रश्न पानाची ओळख असणाऱ्या माणसाने लिहावा, आणि तो लेखी असल्यावाचून पान रुमालातून निघणार नाही.”

येथून वादाचे रूप पालटले, आणि दोघेही प्रश्न काढण्याच्या उद्योगाला लागले. नानांच्या मनात कित्येक वर्षे एक शंका होती. जुन्या दफ्तरांत दौलताबादी आणि जुन्नरी असे कागदाचे दोन प्रसिद्ध प्रकार येतात, पण सुटे पान हाती आले की ते कोठले, हे पोत पाहून अदमासाने सांगावे लागते. खुलताबादच्या वाटेवरील कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्या घराण्यांनी जे पाणी, जो चुना आणि ज्या चिंध्या वापरल्या, त्यांची काही खूण कागदात राहिली असेल काय? बाईंचे मत पडले की हा प्रश्न शलाकेच्या अगदी मापाचा आहे: कॅल्शियम, पोटॅशियम, लोह, मँगनीज, स्ट्रॉन्शियम यांची प्रमाणे कोऱ्या समासात मोजता येतील, अक्षराला स्पर्शही करावा लागणार नाही, मात्र ज्यांचे ठिकाण आणि साल लेखातच नमूद आहे अशी पाने आधी मोजली पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? नानांनी मान डोलावली. हे गॅलिलिओच्या वहीचेच तत्त्व होते, आणि ते आता त्यांच्या बाजूचे राहिले नव्हते, दोघांचे झाले होते.

पैठणीच्या जुन्या जरीविषयीही थोडे बोलणे झाले. रेशमी दोऱ्यावर चांदीची तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचा पातळ थर, ही खऱ्या जरीची रचना. तांब्याची तार आली की तांब्याचा किरण तत्काळ दिसतो, आणि मागे परतणाऱ्या आयनांच्या ऊर्जेवरून सोन्याचा थर किती जाड हेही काढता येते. एका फाटक्या पदराचा तुकडा त्यासाठी पुरे आहे, आणि त्यावर नानांची हरकत नव्हती.

हरकत आली ती पासोडीवर. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड सुती वस्त्रावर त्या संतकवीने आपल्या हाताने लिहिलेले ‘पंचीकरण’. चारशेहून अधिक वर्षांचे ते वस्त्र घडीघडीवर झिजलेले आहे, अक्षरे कित्येक ठिकाणी विरली आहेत. बाई म्हणाल्या की, हवेतील शलाकेचे समर्थन करायला याहून मोठे उदाहरण मराठीत नाही. असे वस्त्र कोणत्याही निर्वात कोठडीत मावणार नाही, आणि त्याचा धागासुद्धा कापण्याचा विचार कोणी करणार नाही.

“कापण्याचा नको, आणि शलाकेचाही नको,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात मघाचा वादाचा सूर राहिला नव्हता. “ती ज्यांच्या घरी आहे, त्यांच्या ती पूजेत आहे. तिची शाई कशाची, हे मला जाणून घ्यावेसे वाटत नाही असे नाही. पण त्या उत्तराने तिचे एक अक्षर अधिक वाचता येणार असेल, किंवा तिचा एक धागा अधिक टिकणार असेल, तरच विचार. तोवर तिचे उत्तम छायाचित्रण करावे, नीलातीत आणि अवरक्त प्रकाशात करावे. काजळाची विरलेली अक्षरे अवरक्तात उठून दिसतात. तेथे तुझ्या प्रोटॉनांहून तो प्रकाश उपयोगी.”

बाईंनी हे मान्य केले, आणि मीही नानांच्या बाजूने आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर सौम्य साधनाने मिळते, तेथे तीव्र साधन नेऊ नये. अजिंठ्याच्या भिंतींनाही हाच नियम लागू आहे: त्वरक लेण्यात येणार नाही आणि लेणे त्वरकाकडे जाणार नाही, तेथे हाती धरण्याजोगी क्ष-किरण यंत्रे जातात आणि त्यांनीच काम घ्यावे. शलाकेला फार तर आपोआप गळून पडलेले, नोंद केलेले कण द्यावेत. निळ्या कणात सोडियम सापडला, आणि तो प्रोटॉनांनी उठविलेल्या गॅमा-किरणांवरून हवेतही ओळखता येतो, तर तो दूरदेशीचा राजवर्ख आहे याला बळकटी येते. आणि प्रत्येक रहस्य मूलद्रव्यांत असते असेही नाही. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंह आणि येथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखविले, ते वनस्पतीच्या तंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या भांगेशी तुलना करून. तेथे प्रोटॉनांची शलाका काही बोलली नसती.

अखेर नानांनी जाबता लिहविला आणि बाईंनी तो आपल्या हाताने लिहून घेतला. पाने सुटीच न्यावीत, बांधीव पोथी नेऊ नये, कारण प्रोटॉन एक पान भेदून पुढच्या पानात जातात. आधी कागजीपुऱ्याच्या नव्या कोऱ्या कागदावर त्याच प्रवाहाने, तेवढाच वेळ शलाका सोडून तो कागद सहा महिने झाकून ठेवावा आणि मग नीलातीत प्रकाशात तपासावा. त्यावर खूण उमटली तर जुन्या पानाचा विषय तेथेच बरखास्त. शलाका कोऱ्या समासावर आणि तांबड्या रेघेवरच पडावी. ती कोठे पडली, किती वेळ पडली आणि प्रवाह किती होता, याची नोंद पानाच्या रुमालातच राहावी, म्हणजे पन्नास वर्षांनी येणारा संशोधक त्याच मिलिमीटरवर पुन्हा शलाका सोडणार नाही. ही शेवटची अट बाईंना स्वतःला सुचली, आणि नानांनी तिच्याखाली सर्वांत आधी सही केली.

माझा निवाडा असा आहे की, या अटींवर पाने गेली पाहिजेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘फोटिया’ त्वरक २००० सालापासून चालू आहे, आणि तेथे प्रोटॉन हवेत बाहेर काढून काचेसारख्या पदार्थांतील हलकी मूलद्रव्ये मोजण्याचे काम झालेले आहे. भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत तर जुन्या वस्तूंवरच हवेतील शलाका चालविली गेली आहे. यंत्राची उणीव नाही. उणीव आहे ती तारखेच्या, ठिकाण नमूद असलेल्या पानांची, ज्यांच्याशी बाकीची पाने ताडून पाहता येतील. आणि अशी पाने सरकारी दफ्तरांपेक्षा मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या आणि देशमुखांच्या माळ्यावरच्या पेटाऱ्यांत अधिक आहेत. ज्यांच्या घरी ती असतील, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: ती प्लॅस्टिकच्या आवरणात चिकटवून घेऊ नका, कारण ते आवरण नंतर निघत नाही आणि त्याखालच्या कागदाची परीक्षाही मग होत नाही, स्वच्छ सुती कापडात बांधा, कोरड्या जागी ठेवा, आणि पानावर जे साल आणि जे गाव लिहिलेले आहे, ते वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी या वर्षीच वाचवून घ्या.